सेवामुक्तीच्या कागदावरील कामाची नोंद
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या या शुभप्रसंगी अमेरिकन लष्करात सेवा केलेल्या आपल्या सभासदांचा सत्कार झाला, याचा आम्हांला फार आनंद वाटतो. लष्कराची नोकरी आपल्या लोकांना नवी नाही. अठराव्या शतकापासून आपले पूर्वज ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या पलटणींत होते आणि त्यांतले कित्येक सुभेदार-मेजरच्या पदापर्यंत चढले. मुंबईत आपले पहिले सिनेगॉग, जी आपल्या सर्वांची ‘जुनी मशीद’, ते १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही त्याच लष्करातले. पुढे १९६५च्या कायद्याने या देशाची दारे उघडली आणि आपली मुले इथे येऊ लागली, तेव्हा ग्रीन कार्डावर असलेल्या तरुणांनाही सक्तीची भरती लागू होती. ती १९७३ साली बंद झाली. तोपर्यंत आपल्यातलेही काही जण व्हिएतनामला जाऊन आले होते.

गेली काही वर्षे आम्ही तीन-चार जण या मंडळींचे जुने कागद त्यांच्याबरोबर बसून पाहत आहोत. त्यातून जे कळले ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

सेवेतून मोकळे होताना प्रत्येकाला एक कागद मिळतो. त्याला डीडी २१४ म्हणतात. १९५० सालापासून हा फॉर्म चालू आहे. त्यावर भरतीची व सुटीची तारीख, हुद्दा, पदके आणि कामाचा प्रकार लिहिलेला असतो. आपल्याकडच्या पलटणीत ज्याला ‘ट्रेड’ म्हणत तोच हा प्रकार. भूदलात त्याला एमओएस म्हणतात, हवाई दलात एएफएससी, नौदलात रेटिंग. आजच्या फॉर्मवर तो अकराव्या रकान्यात असतो; जुन्या फॉर्मांवर रकान्याचा क्रमांक वेगळा आहे. दोन-चार अक्षरे व आकडे आणि पुढे एखादा शब्द, एवढीच ती नोंद. पुष्कळांनी ती पन्नास वर्षांत एकदाही नीट वाचलेली नाही.

या नोंदीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. माजी सैनिकांचे खाते, म्हणजे व्हीए, कान गेल्याचा अर्ज तपासताना कोणत्या कामात किती मोठा आवाज कानावर पडतो याची एक यादी समोर ठेवते. तोफखान्यातल्या माणसाला त्या यादीत वरचे स्थान आहे, कारकुनाला खालचे. पायदळाचा लढाईचा बिल्ला, ज्याला कॉम्बॅट इन्फन्ट्री बॅज म्हणतात, तो मिळण्यासाठी मुळात ट्रेड पायदळाचा असावा लागतो. म्हणजे त्या छोट्या रकान्यातली चूक औषधपाण्यापर्यंत आणि मानापर्यंत जाऊन पोहोचते.

आमच्यापुढे आलेली दोन उदाहरणे सांगतो. नावे सांगत नाही.

आपले एक काका भरती झाले तेव्हा टंकलेखक कारकून म्हणून शिकले. व्हिएतनाममध्ये गेल्यावर लेखी हुकमाने त्यांचा ट्रेड बदलून त्यांना तोफखान्यात घेतले. वर्षभर ते तोफेपाशी होते. सुटीच्या दिवशी कागद तयार करणाऱ्याने जुनाच ट्रेड उतरवला आणि काकांनी घरी जायच्या घाईत सही केली. म्हातारपणी ऐकू येईना म्हणून अर्ज केला, तर कारकुनाचे कान तोफेने कसे जातील, अशा अर्थाचे उत्तर आले. काका म्हणाले, जाऊ द्या, आता कशाला. काकूंनी मात्र ट्रंक उपसली. तळाशी त्या हुकमाची प्रत निघाली. त्यांच्या जुन्या सेवापत्रकात, म्हणजे डीए फॉर्म २० वर, तीच तारीख आणि तोच हुकूम नोंदलेला होता. दोन कागद एकमेकांना जुळले आणि नोंद दुरुस्त झाली. दुरुस्तीचा जो स्वतंत्र कागद मिळतो त्याला डीडी २१५ म्हणतात. तो मूळ कागदाला जोडून ठेवायचा असतो.

दुसरे एक बंधू गाडी दुरुस्तीचे कारागीर. कागदावर तेच लिहिले आहे. पण माणसे कमी पडत म्हणून त्यांना कित्येक महिने ट्रकांच्या ताफ्याबरोबर बंदूक घेऊन बसावे लागले. त्याचा लेखी हुकूम कधी निघाला नाही. त्यांना ट्रेड बदलून हवा होता. आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की, तुमच्या कागदात चूक नाही. त्या रकान्यात हुकमाने दिलेला ट्रेड लिहितात, हाताने केलेले प्रत्येक काम लिहीत नाहीत. असा अर्ज बहुधा नामंजूर होतो. मात्र व्हीएकडे अर्ज करताना बरोबरच्या सैनिकाचे लेखी निवेदन जोडता येते, त्यासाठी फॉर्म २१-१०२१० आहे. त्यांना दुरुस्ती नको होती, साक्षीदार हवा होता. हा फरक आधीच ओळखला तर वर्ष-दोन वर्षांची वणवण वाचते.

आता रीत सांगतो. प्रथम आपली पूर्ण फाईल मागवावी. सेंट लुईसच्या नोंद-केंद्राकडे एसएफ १८० हा फॉर्म पाठवून ती मागता येते. तेथे १२ जुलै १९७३ रोजी मोठी आग लागली. १९६० पूर्वी सुटलेल्या भूदलाच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली तीत गेल्या, आणि १९६४ पूर्वी सुटलेल्या हवाई दलाच्याही पुष्कळ गेल्या. व्हिएतनामला गेलेल्या भूदलाच्या मंडळींच्या फायली त्या आगीत सापडलेल्या नाहीत, म्हणून त्यांनी निराश होऊ नये. ज्यांच्या सासऱ्यांची वा वडीलधाऱ्यांची सेवा त्याआधीची आहे, त्यांच्या घरातला कागद हाच कदाचित उरलेला एकमेव पुरावा असेल. तो जपावा.

नकलेतली साधी चूक असेल तर त्या दलाचे नोंद-कार्यालयच ती सुधारू शकते. तेथे काम झाले नाही तर डीडी १४९ हा फॉर्म भरून त्या दलाच्या दुरुस्ती मंडळाकडे जावे. भूदलाचे मंडळ वेगळे, हवाई दलाचे वेगळे. नौदल आणि मरीन यांचे एकच आहे. या अर्जाला फी नाही. कायद्यात तीन वर्षांची मुदत आहे, पण ती चूक लक्षात आल्यापासून मोजतात, आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ उशीर माफ करू शकते. सरकारी नोंद बरोबर आहे असे मंडळ धरून चालते. ती चुकली हे दाखवणे आपले काम. तेव्हा हुकूम, प्रशिक्षणाचे दाखले, पदकाची प्रशस्तिपत्रे, कामाचे अहवाल, जे असेल ते जोडावे. मूळ कागद पाठवू नयेत, प्रती पाठवाव्यात. आणि मूळ कागदावर स्वतः पेनने काही सुधारू नये. त्याने सगळा कागदच संशयात येतो. निकालाला बहुधा कित्येक महिने लागतात. नकार आला तरी नवा पुरावा मिळाल्यास पुन्हा विचारता येते.

सैनिक हयात नसेल तर विधवा किंवा जवळचा वारस अर्ज करू शकतो. नात्याचा व मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. आपल्या भगिनींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

आपल्या वडीलधाऱ्यांना सरकारकडे काही मागणे संकोचाचे वाटते. आपण नोकरी केली, मीठ खाल्ले, आता तक्रार कसली, असे ते म्हणतात. त्यांचा हा स्वभाव आम्हांला ठाऊक आहे आणि त्याचा आदरही आहे. परंतु यात तक्रार नाही आणि याचनाही नाही. जे खरे घडले ते कागदावर असावे, एवढीच मागणी आहे. आपला समाज तेल गाळत होता तेव्हा लोक आपल्याला शनवार तेली म्हणत. ते नाव आपण केलेल्या कामाचे आणि पाळलेल्या शब्बाथचे होते, म्हणून खरे होते. ज्याने तोफ चालवली त्याच्या नावापुढे तोफ लिहिली जावी आणि ज्याने टंकलेखन केले त्याच्यापुढे टंकलेखन. दोन्ही कामे सारखीच इज्जतीची आहेत.

उशीर मात्र करू नये. मंडळ उशीर माफ करील, पण साक्षीदार थांबणार नाहीत. बरोबरचे सोबती आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. कोणाचा पत्ता ठाऊक असेल तर आजच फोन करावा.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहोत. एसएफ १८० आणि डीडी १४९ यांचे कोरे फॉर्म आणले आहेत. ज्यांना इंग्रजी फॉर्म भरणे जड वाटते त्यांनी संकोच न करता यावे, आम्ही शेजारी बसून भरून देऊ. चहा घ्या आणि या.