कागदावरचे अवघड इंग्रजी शब्द

(गांवच्या मराठी शाळेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आजच्या सभेंत मी बोलावें अशी आज्ञा वडीलधाऱ्या मंडळींनीं केली, तेव्हां मला मोठा संकोच वाटला. मी वकील नव्हे, कीं इंग्रजीचा पंडितहि नव्हे. मराठी अध्यापक विद्यालयांत शिकून वीस वर्षें खेड्यांतील मुलांना पाढे व बाराखडी शिकविणारा मी साधा मनुष्य. परंतु ज्या वाटेवर आपल्याला ठेंच लागली, त्या वाटेवरचा दगड दुसऱ्याला दाखविणें हें आपलें कामच आहे, असें समजून मी उभा आहें. कागदावर येणाऱ्या अवघड इंग्रजी शब्दांचा अर्थ कसा शिकावा, हा आजचा विषय.

प्रथम ठेंच सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतों, त्यांच्याकडे आमचा आतेभाऊ आला. त्याला विहिरीवर मोटार बसवून शेतापर्यंत पाईपलाईन करावयाची होती. तालुक्याच्या गांवीं एका पतसंस्थेंतून कर्ज मिळत होतें; फक्त एका माणसाची सही कमी पडत होती. छापील कागद आठ पानांचा, आणि सगळा इंग्रजींत. आप्पांना मराठी चांगलें वाचतां येतें, पण हा कागद त्यांनीं उलटा धरला काय आणि सुलटा धरला काय, सारखेंच. त्यांनीं तो माझ्यापुढें ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट टेंकून विचारलें, “मास्तर, हा शब्द काय म्हणतो रे?”

शब्द होता ‘शुअरिटी’. मीं खिशांतला लहान कोश काढला. त्यांत अर्थ दिला होता, ‘खात्री’. मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, “आप्पा, भिण्याचें कारण नाहीं. माणूस चांगला आहे, एवढी खात्री तुम्हीं द्यावयाची.” आप्पा म्हणाले, “एवढेंच ना? पोर आपलें आहे, देतों खात्री.” आणि त्यांनीं सही केली.

पुढें दोन वर्षें कांद्याचा भाव पडला. हप्ते थकले. आतेभाऊ पोटासाठीं शहरांत निघून गेला. एके दिवशीं पोस्टमनानें नोटीस आणली, ती आप्पांच्या नांवाची. मुद्दल, व्याज व खर्च मिळून सगळी रक्कम आप्पांनीं भरावी, असें तींत लिहिलें होतें. आप्पांनीं बैलांची जोडी विकली. तेवढ्यानें भागलें नाहीं, तेव्हां काकूंची पुतळ्यांची माळ मोडली. माझ्यावर ते रागावले नाहींत. रिकाम्या गोठ्यापुढें बसून एवढेंच म्हणाले, “मास्तर, तुझ्या पुस्तकांत खात्रीची किंमत लिहिली नव्हती काय रे?”

मंडळी, तो प्रश्न आजहि माझ्या कानांत आहे. कोश खोटा नव्हता. शब्दाला शब्द त्यानें दिला होता. चुकलों तो मी. शब्दाला शब्द मिळाला म्हणजे अर्थ मिळाला, असें मीं मानलें.

नंतर मीं १८७२ चा भारतीय करार कायदा मराठींतून वाचला. त्याच्या १२६ व्या कलमांत तिघेजण उभे केले आहेत: कर्ज देणारा, कर्ज घेणारा आणि जामीनदार. शुअरिटी म्हणजे हा तिसरा. १२८ वें कलम सांगतें कीं, करारांत वेगळें ठरलें नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीएवढीच. इंग्रजींत तेथें ‘को-एक्स्टेन्सिव्ह’ असा शब्द आहे. ‘को’ म्हणजे बरोबर आणि ‘एक्स्टेन्सिव्ह’ म्हणजे पसरलेला. जेथवर कर्जदाराचें देणें पसरलें, तेथवर जामीनदाराची मान अडकली! कर्ज देणाऱ्यानें आधीं कर्जदाराचें दार ठोठावावें आणि तेथें कांहीं न मिळालें तरच जामीनदाराकडे यावें, असें बंधनहि हें कलम घालीत नाहीं. जामीनदारानें भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क १४५ वें कलम देतें खरें. पण ज्याच्या दाराला कुलूप, त्याच्याकडून काय वसूल करणार?

आतां यांतील मर्म पहा. ‘जामीन’ हा शब्द आप्पांना लहानपणापासून ठाऊक होता. “आप्पा, तुम्ही जामीन राहतां आहां,” असें मीं म्हटलें असतें, तर त्यांनीं शंभरदां विचार केला असता. म्हणजे वस्तु ओळखीची होती, तिच्या अंगावरचा सदरा तेवढा परका होता. आपल्या कागदांवरचे पुष्कळसे अवघड शब्द असेच आहेत.

कोणी म्हणेल, हा सगळा दोष इंग्रजीचा. तसें नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी सावकारांविरुद्ध उठले, आणि तें लोण त्या वेळच्या पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत गांवोगांव पसरलें. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हातीं लागले ते त्यांनीं फाडले, जाळले. ते रोखे कांहीं इंग्रजींत नव्हते. ते आपल्याच भाषेंत होते, पण ज्यांचा आंगठा त्यांवर होता त्यांच्यापैकीं बहुतेकांना ते वाचतां येत नव्हते. पुढें १८७९ सालीं सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा करावा लागला. तेव्हां अक्षर आड आलें, आज शब्द आड येतो. न समजलेल्या कागदावर सही करणें हा धोका तेव्हांहि होता आणि आजहि आहे.

मग उपाय काय? मीं आप्पांच्या गोठ्यापुढें बसून एक रीत ठरविली. अवघड शब्द आला कीं त्याला तीन प्रश्न विचारावयाचे. हा शब्द कोणाला बांधतो? त्याच्यापायीं माझें काय जाऊं शकतें? आणि यांतून सुटका केव्हां व कशी? या तिहींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे अर्थ समजला. तोंवर नाहीं.

ही रीत चालवून पाहूं. ‘मॉर्गेज’ हा शब्द घ्या. जुन्या फ्रेंच भाषेंतून तो आला. त्यांत ‘मेलेलें’ व ‘तारण’ असे दोन शब्द आहेत. सतराव्या शतकांतील इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक यानें त्याचा अर्थ असा लावला कीं, कर्ज फिटलें नाहीं तर जमीन कर्जदाराला मेली, आणि फिटलें तर सावकाराचा तारणावरील हक्क मेला. आपण त्याला ‘गहाण’ म्हणतों. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत गहाणाचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचें नांव ‘युसुफ्रक्चुअरी मॉर्गेज’. भिऊं नका, हा कोणी यूसुफ नव्हे! लॅटिन भाषेंत ‘यूसुस’ म्हणजे वापर आणि ‘फ्रुक्टुस’ म्हणजे फळ. जमिनीचा ताबा सावकाराकडे आणि तिचें उत्पन्नहि त्याच्याकडे. म्हणजे आपलें कब्जेगहाण. ताबा आपल्याकडे ठेवून केलेलें तें नजरगहाण. हे शब्द आपल्या आजोबांना तोंडपाठ होते.

आतां कारागीर मंडळींकडे वळतों. कुंभारदादा मडकीं बाजारांत नेण्यासाठीं कर्जानें टेंपो घेतात. गाडीच्या कागदावर ‘हायपोथिकेशन’ असें लिहून येतें. ग्रीक भाषेंतल्या ‘खालीं ठेवणें’ या अर्थाच्या शब्दांवरून तो आला आहे. तीन प्रश्न विचारा. बांधतो कोणाला? गाडीच्या मालकाला. जाऊं काय शकतें? गाडी, कारण ती वापरायला आपल्याकडे असली तरी तारण बँकेचें आहे. सुटका केव्हां? कर्ज फिटल्यावर, पण कागदावरची नोंद आपोआप पुसली जाईल असें धरून बसूं नका. बँकेकडून ना-हरकत दाखला व सहीचा नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयांत ती नोंद काढून घ्यावी लागते. पुष्कळांचें कर्ज फिटतें, नोंद तशीच राहते, आणि गाडी विकतेवेळीं धांवाधांव होते.

अवघड दिसणाऱ्या शब्दाला आपण निदान भितों. खरा घात करतो तो सोपा दिसणारा शब्द. माझीं शाळेंतलीं मुलें सांगतील कीं, ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक. पण कर्जाच्या कागदावर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असें येतें, तेथें त्याचा अर्थ ‘सगळे मिळून आणि प्रत्येकजण वेगळा’ असा होतो. दहा भगिनींच्या गटानें असा कागद केला आणि नऊजणींनीं हात वर केले, तर सगळी रक्कम दहावीकडे मागतां येते. ‘इंटरेस्ट’ हा शब्द शाळेंत गोडी, बँकेंत व्याज आणि जमिनीच्या कागदांत हक्क. एकच शब्द तीन घरीं तीन नांवांनीं नांदतो! म्हणून शब्दाचा अर्थ विचारतांना तो कोणत्या कागदावर आहे, हें आधीं सांगावें.

अर्धवट अर्थ किती महाग पडतो, तें २०२० सालीं दिसलें. साथीच्या त्या दिवसांत रिझर्व्ह बँकेनें १ मार्च ते ३१ ऑगस्टपर्यंतच्या हप्त्यांना ‘मोरेटोरियम’ देण्याची मुभा बँकांना दिली. शब्द लॅटिन, त्याच्या मुळाशीं ‘विलंब’ आहे. पण आमच्याकडे बातमी पसरली कीं हप्ते माफ झाले. माफीला इंग्रजींत ‘वेव्हर’ म्हणतात. मोरेटोरियम म्हणजे तहकुबी. हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतें. पुढें मार्च २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या मुदतींतील व्याजावर व्याज घेऊं नये असें ठरविलें, परंतु मूळ व्याज कांहीं टळलें नाहीं. ‘थांबला’ आणि ‘टळला’ यांत एका हंगामाचें पीक जातें.

आतां एक हक्काची गोष्ट सांगतों, ती घरोघर पोंचवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ व लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसाठीं रिझर्व्ह बँकेनें नियम केला आहे. कर्ज देणाऱ्यानें ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य माहितीचा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेंत द्यावयाचा, त्यांतील मजकूर समजावून सांगावयाचा आणि समजल्याबद्दल त्याची पोंच घ्यावयाची. सर्व खर्च धरून वर्षाला खरा दर काय पडतो, तेंहि त्यांत असतें. सात दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाला, तो कागद हातीं आल्यावर विचार करण्यास निदान तीन कामाचे दिवस मिळतात. म्हणून “येथें सही करा, मागें लोक उभे आहेत,” असें कोणी म्हटलें तर नम्रपणें म्हणावें, “साहेब, मला मराठींतला कागद द्या, घरीं वाचून येतों.” यांत उद्धटपणा नाहीं, आणि लाज तर मुळींच नाहीं.

घरोघर एक वही ठेवा. कागदावर जो शब्द अडला तो तींत मुलानें किंवा मुलीनें उतरून घ्यावा. त्याखालीं तीन प्रश्न, आणि पुढें आपल्या बोलींतला ओळखीचा शब्द. दर शनिवारीं संध्याकाळीं ती वही शाळेंत आणा. आपण मिळून उत्तरें शोधूं, आणि आपल्याला न सुटेल तें जाणत्या माणसाला विचारूं. इंग्रजी शब्दांचा बाऊ नको. इंग्रजांनीं आपलें ‘मुंगूस’ उचलून ‘मंगूस’ केलें. तसे त्यांचे शब्द आपणहि पाळूं शकतों, मात्र त्यांचे दांत आधीं मोजून.

शेवटीं माझ्यासारख्या चार बुकें शिकलेल्यांना एक विनंति. गांव आपल्याला ‘मास्तर’ म्हणतें, आणि त्या मानापायीं ‘ठाऊक नाहीं’ हे शब्द तोंडांतून निघत नाहींत. त्या दिवशीं मीं, “आप्पा, मला ठाऊक नाहीं, उद्यां विचारून सांगतों,” असें म्हटलें असतें, तर ती बैलजोडी आज गोठ्यांत असती. आप्पा पुढल्या बांकावर बसले आहेत. आतां कागद आला कीं तेच मला दटावतात, “मास्तर, आधीं तीन प्रश्न!” तुम्हीहि आम्हां शिकलेल्यांना असेंच दटावीत जा.