वारसा म्हटलं की बायका कुठे असतात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



शिबिराच्या विषयांत ‘वारसा’ हा शब्द वाचून आपल्यातल्या दोघी-तिघींनी नाक मुरडलं, ते मी पाहिलं. त्यांचं चुकलं नाही. संस्कृती, परंपरा, वारसा असे शब्द कानावर आले की त्यामागून बायकांना गप्प बसवणारं काहीतरी येणार, हा आपला नेहमीचा अनुभव. म्हणून आज मी मुद्दाम खूप लांबचं उदाहरण घेतलं आहे. मी तिथे गेलेली नाही. उत्खननांविषयी आणि तिथल्या बायकांविषयी जे वाचलं, तेवढंच सांगणार आहे.

पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला वानुआतू नावाचा देश आहे. ऐंशीच्या वर बेटं, शंभराहून अधिक भाषा आणि लोकसंख्या सुमारे तीन लाख. इंग्रज आणि फ्रेंच, दोघांनी मिळून तिथे राज्य केलं. १९८० साली देश स्वतंत्र झाला. त्या लढ्यात एक शब्द फार गाजला, ‘कास्तोम’. बिस्लामा या त्यांच्या सामायिक बोलीतला शब्द. आपली रीत, आपलं ज्ञान, गोऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी हिणवलेलं आपलं सगळं. गुलामीतून उठणाऱ्या माणसांना असा शब्द लागतोच. पण स्वातंत्र्य आल्यावर कास्तोम म्हणजे काय, हे सांगायला बसले ते पुरुष. सरदार, डुकरांचे विधी, पुरुषांच्या बैठकीचं घर, तिथे प्यायचा कावा, हे सगळं कास्तोम. बायका करतात ते? ते नुसतं घरकाम.

आता जमिनीखाली काय आहे ते पाहू. एफाते हे राजधानीचं बेट. तिथे तेओउमा या ठिकाणी कोळंबीच्या तळ्यासाठी बुलडोझर चालू होता. मातीतून नक्षीचं खापर वर आलं. २००४ पासून वानुआतूच्या सांस्कृतिक केंद्राने आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिथे खोदकाम केलं. निघालं ते सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान, या बेटांवर पहिल्यांदा उतरलेल्या माणसांचं. दात्यांसारख्या हत्याराने ठसे उमटवून केलेल्या त्यांच्या मडक्यांना ‘लापिता’ म्हणतात. दफनांतल्या सांगाड्यांना मस्तकं नव्हती. पुरल्यावर काही काळाने ती काढून घेतलेली. एका म्हाताऱ्याच्या छातीवर तीन कवट्या ठेवलेल्या होत्या.

२०१६ साली यांतल्या तिघांच्या हाडांतून आनुवंशिक द्रव्य मिळालं. टोंगा बेटावरच्या आणखी एका सांगाड्याचंही मिळालं. चारही बायका निघाल्या. तैवान आणि उत्तर फिलिपिन्सच्या लोकांशी त्यांचं नातं सगळ्यात जवळचं. न्यू गिनीच्या बाजूचा वंश नंतर मिसळला आणि तो मुख्यतः पुरुषांकडून आला असावा, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. दर्यावर्दी वीरांच्या गोष्टी आपण ऐकतो, तेव्हा होडीत बायका होत्या हे कोणी सांगत नाही. होत्या, एवढं तर हाडांनीच सांगितलं. मडकी कोणी घडवली ते मात्र हाडं सांगत नाहीत. फिजीत आणि न्यू गिनीच्या मोतू लोकांत मडकी बायकाच घडवत आल्या. मोतू पुरुष ती मडकी होडीत भरून दूरवर व्यापाराला जात, आणि नाव झालं ते त्या सफरीचं.

पण आज मला खरं बोलायचं आहे ते रॉय माताविषयी. हा सुमारे १६०० सालातला मोठा सरदार. त्याची कथा एफातेचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगत आले. त्याने भांडणारे गट एकत्र बोलावले, मेजवानी केली. कोणी अष्टपाद आणला, कोणी नारळ, कोणी कंद. एकच वस्तू आणणारे एकमेकांचे नातलग ठरले आणि त्यांनी आपसात लढायचं नाही असं ठरलं. या नात्याला ‘नाफ्लाक’ म्हणतात आणि ते मुलाला आईकडून मिळतं. म्हणजे तहाचा सगळा डोलारा आईच्या नात्यावर उभा. ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटलं.

पुढे रॉय माताला त्याच्याच भावाने मारलं, असं कथा सांगते. त्याला लांबच्या छोट्या आर्तोक बेटावर पुरलं आणि सोबत त्याच्या गटांतली माणसंही पुरली. स्वेच्छेने गेली, असं परंपरा म्हणते. त्या बेटावर मग कोणी राहिलं नाही. १९६७ साली जोझे गारांजे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने गावकऱ्यांचं ऐकून तिथे खणलं. तोंडी कथा खरी निघाली. मधोमध सरदार आणि भोवती सुमारे पन्नास माणसं, कित्येक स्त्री-पुरुषांच्या जोड्या. गारांजेने लिहिलं की पुरुष शांत पडलेले दिसतात, बायका मात्र त्यांना बिलगलेल्या, धरून ठेवलेल्या. त्याचा तर्क असा की पुरुषांना कावा पाजून गुंगी आणलेली असावी. कावा पुरुषांचा. बायकांना तेवढीही सोय नाही.

हा तर्कच आहे. हाडांवरून भीती सिद्ध करता येत नाही. पण मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ‘स्वेच्छेने’ हा शब्द आपण ऐकलेला आहे. १९८७ साली देवराळ्याला हाच शब्द होता. आपल्या गावोगावच्या सतीच्या शिळा आठवा, कोपरात वाकवलेला तो हात आणि मनगटावरच्या बांगड्या. शेंदूर फासतात तिला, नवस बोलतात. तिला कोणी विचारलं होतं?

२००८ साली युनेस्कोने रॉय माताचं घर, त्याच्या मृत्यूची गुहा आणि आर्तोकची दफनभूमी, हे तिन्ही मिळून जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. वानुआतूचं ते पहिलंच जागतिक वारसास्थळ. ही जागा राखली ती कुठल्या सरकारने नाही, तर लेलेपा आणि मांगालिलिउच्या गावकऱ्यांनी, केवळ निषेध पाळून. एफातेचा किनारा भाडेपट्ट्याने हॉटेलांना, बंगल्यांना जात असताना ही जमीन वाचणं ही मोठीच गोष्ट आहे. त्या नोंदणीचं मी स्वागतच करते. दफन आहे तसं राखा. आपल्याकडच्या शिळाही फोडायच्या नाहीत. पण राखणं वेगळं आणि गौरव करणं वेगळं. आपल्या सतीविरोधी कायद्याने गौरवाला गुन्हा ठरवलं, दगडाला नाही. आर्तोकची गोष्ट पाहुण्यांना सांगताना त्या बायकांपाशी क्षणभर थांबतात की ‘निष्ठा’ म्हणून पुढे जातात, हे मला विचारायचं आहे.

त्याच वर्षी, २००८ सालीच, वानुआतूच्या संसदेने घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा मंजूर केला. दहा वर्षांहून जास्त काळ तो रखडला होता. विरोध करणाऱ्यांत सरदार होते, पाद्रीही होते. हे आपल्या कास्तोमच्या विरुद्ध आहे, असं एका बाजूने म्हणणं होतं. २०१२, २०१६ आणि २०२० या तिन्ही निवडणुकांत त्या संसदेवर एकही बाई निवडून आली नाही. २०२२ साली ५२ जागांत एक आली. आईकडून नातं चाललं म्हणून बाईच्या हाती सत्ता येते असं नाही, हे केरळच्या मैत्रिणी आपल्याला सांगतच असतात.

मग तिथल्या बायकांनी काय केलं? त्यांनी कास्तोम नाकारलं नाही. त्या म्हणाल्या, आमचंही कास्तोम मोजा. ही हकिगत आंबाए बेटावरच्या चटयांची आहे. केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं सुकवून, चिरून बायका या चटया विणतात. केळीच्या सोपटातून नक्षी कापतात, चटई ओंडक्याला गुंडाळून त्यावर ती नक्षी बांधतात आणि उकळत्या तांबड्या रंगात बुडवतात. जिथे सोपट असतं तिथे रंग लागत नाही. या चटया अंथरायच्या नसतात. लग्नात, मर्तिकात, मानपानात त्यांची देवघेव चालते, जशी आपल्याकडे पूर्वी लुगड्या-खणांची चालायची, पण त्याहून कितीतरी भारी. काही नक्षींचा हक्क बायकांच्या स्वतःच्या पदवीविधींतून मिळतो.

सांस्कृतिक केंद्राकडे गावोगावचे स्वयंसेवक होते. आपापल्या भागाची माहिती ते टेपवर गोळा करत. सगळे पुरुष. पुरुष बायकांच्या गोष्टी विचारणार कशा, आणि बायका सांगणार कशा? १९९१-९२ मध्ये लिसांत बोल्टन ही अभ्यासक आणि आंबाएचीच जीन तारिसेसेई यांनी मिळून चटयांचं काम सुरू केलं. चटया हे कास्तोम आहे, असं प्रथमच जाहीरपणे बोललं गेलं. गंमत बघा, तोवर कित्येक विणणाऱ्यांनाच आपल्याकडे कास्तोम आहे असं वाटत नव्हतं! १९९४ पासून बायका-स्वयंसेवकांचा वेगळा गट झाला. दरवर्षी एक विषय घेऊन त्या आपापल्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतात आणि राजधानीत जमून एकमेकींना सांगतात. पगार नाही. टेपा केंद्रात ठेवतात, पण मालकी सांगणाऱ्यांची. काही फक्त त्या घराने ऐकायच्या, काही फक्त पुरुषांनी, काही फक्त बायकांनी. आपण इतक्या मुलाखती टेप करतो, कधी विचारलं का कोणाला, बाई, हे कोणी ऐकलेलं तुला चालेल?

काचेच्या कपाटात चटई टिकते. विणणं टिकायला मात्र झाड लागतं, आणि झाडाला जमीन. २०१७ साली आंबाएचा ज्वालामुखी जागा झाला. अकरा हजारांच्या आसपास माणसं, म्हणजे सगळं बेट, होड्यांतून शेजारच्या बेटांवर नेलं. ती परतली आणि २०१८ साली राखेने बागा, पिण्याचं पाणी सगळं नासवलं, पुन्हा बेट सोडावं लागलं. मदतीच्या याद्यांत तांदूळ असतो, ताडपत्री असते. परक्या बेटावर आपली केवड्याची रोपं लावायला कोणाची जमीन मागायची, हे त्या यादीत कुठल्या रकान्यात लिहिणार? परतलेल्यांनी राखेत पहिल्यांदा कंद लावायचे की ही रोपं, याचा हिशेब त्या बायकांनाच करावा लागला.