'ग्रेड वन'च्या पलीकडे



आपल्यातल्या डॉक्टरांनी सांभाळून घ्यावं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि बोलणार आहे यकृतावर. पण माझं काम अल्ट्रासाउंड यंत्रातल्या सिग्नलवर चालतं, आणि हल्ली आपल्या बॅचच्या ग्रुपवर सुविचारांपेक्षा हेल्थ चेकअपचे रिपोर्ट जास्त येतात. त्यांत एक ओळ हमखास असते, 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. खाली कुणीतरी लिहितं, "सगळ्यांनाच असतं रे!"

माझ्या दादाच्या रिपोर्टात ही ओळ सहा वर्षं होती. त्याला तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळताना पाहिलंय. दारूला तो कधी शिवला नाही. मधुमेह मात्र होता. सातव्या वर्षी निदान झालं, सिरॉसिस. लोक अजूनही वहिनीला हळूच विचारतात, "घ्यायचे का हो?" मला त्याचा भयंकर राग येतो.

मुद्दा असा, की साध्या सोनोग्राफीतली ती ग्रेड चरबीची असते. चरबी वाढली की यकृत पडद्यावर जास्त पांढरं दिसतं. यकृतात व्रण साठून ते घट्ट होत जाणं, म्हणजे फायब्रोसिस, ही निराळी गोष्ट, आणि सुरुवातीला ती या चित्रात बहुधा दिसत नाही. पृष्ठभाग खडबडीत, प्लीहा मोठी, पोटात पाणी असं दिसू लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

घट्टपणा मोजायला इलॅस्टोग्राफी लागते. फायब्रोस्कॅन हे त्यातलं सर्वांत परिचित यंत्र, मूळ फ्रान्सचं. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. प्रोब बरगड्यांच्या मधून हलकी टिचकी देतो आणि आत एक लहर निघते. निरोगी यकृतात ती सेकंदाला साधारण एक मीटर जाते, रमतगमत चालणाऱ्या माणसासारखी. तिच्या मागावर असतो अल्ट्रासाउंड, सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावणारा. एकापाठोपाठचे प्रतिध्वनी ताडून सॉफ्टवेअर त्या लहरीचा वेग काढतं. यकृत जितकं कडक, तितकी लहर वेगवान. एक मीटरला सुमारे ३ किलोपास्कल, दोन मीटरला १२. वेग दुप्पट, कडकपणा चौपट. सर, "वर्ग करून उपयोग काय?" असं विचारणारा आमचा मागचा बाक आज ऐकतोय!

दादाचा पहिला आकडा १९ होता.

अर्थात एकच आकडा म्हणजे निकाल नव्हे. दहा मापं घेऊन त्यांचा मध्यक धरतात. जेवण झालेलं असेल, कावीळ किंवा यकृताला सूज असेल तर आकडा फुगतो. पोटात पाणी असेल तर फायब्रोस्कॅनची लहर नीट पोचतच नाही.

आणि साधी सोनोग्राफी काही निकामी ठरत नाही. सिरॉसिस असलेल्यांची ती दर सहा महिन्यांनी करतात, कर्करोगाची गाठ झालीच तर लहान असताना सापडावी म्हणून. दादाच्या आतापर्यंतच्या तीन निर्वेध गेल्या. चौथी पुढच्या महिन्यात आहे. तारीख वहिनीने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय.

तेव्हा ज्यांना मधुमेह आहे, पोट सुटलंय किंवा हिपॅटायटिस बी-सी झालाय, त्यांनी 'ग्रेड वन' वाचून फाइल मिटू नका. वय, दोन एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून 'फिब-४' नावाचा साधा आकडा निघतो. तो डॉक्टरांना काढायला सांगा. जास्त आला तर इलॅस्टोग्राफीबद्दल विचारा. जाताना तीन तास आधी काही खाऊ नका.

आज मात्र जेवण तयार आहे. नंतर ज्यांना रिपोर्ट दाखवायचेत त्यांनी ते आपल्या डॉक्टर मंडळींकडे न्यावेत. माझ्याकडे फक्त लहरींचं गणित मिळेल.