किक मारण्यापूर्वी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



समितीने मला 'शाळेची साठ वर्षे' हा विषय दिला होता. त्या विषयावर आपण सकाळपासून पाच भाषणे ऐकली आहेत. सहाव्याचा भार मी आपल्यावर टाकत नाही. आज फाटकातून आत येणाऱ्या निम्म्या विद्यार्थ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, गाडी अजून आहे का?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे.

गाडी आहे. माझ्या अप्पांनी 1969 साली घेतलेली जावा 250. टाकीचा रंग तोच, मरून. तिच्या दोन बाजूंचे क्रोम मात्र मधूनमधून उडाले आहे. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, आणि ज्या दांड्याने किक मारायची तोच दांडा पुढे वळवला की गिअरचा होतो. ही शेवटची युक्ती नवख्याला कधीच उमगत नाही. अप्पांच्या कचेरीत बदलून आलेले एक साहेब गाडी सुरू करून पाच मिनिटे गिअर शोधत बसले होते, असे अप्पा मोठ्या आनंदाने सांगत.

आपण म्हैसूरकर या गाडीला परकी मानतच नाही. तिचे मूळ मात्र प्रागमधले. फ्रांटिशेक यानेचेक या कारखानदाराने 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी ती म्हैसूरला आणली. यादवगिरीत 'आयडियल जावा'चा कारखाना उभा राहिला, जयचामराजेंद्र वाडियारांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि 1961 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात याच गाड्या 'येझ्दी' नावाने आल्या. भाषेची विद्यार्थिनी म्हणून हे नाव मला फार आवडते. इराणात यझ्द नावाचे पुरातन शहर आहे, झरथुष्ट्री परंपरेचे माहेरघर. आणि चेक भाषेत 'येझ्दी' म्हणजे 'तो गाडी चालवतो'. एका शब्दात इराण, प्राग आणि यादवगिरी! आमच्या व्याकरणाच्या पुस्तकांत इतके सुंदर उदाहरण नाही.

माझ्या लहानपणी संध्याकाळी गल्लीत आवाज आला की आई चहाचे आधण ठेवी. गल्लीत चार जावा होत्या आणि चारींचे आवाज तिला वेगळे ओळखू येत. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा अप्पांजवळ गाडी शिकण्याचा हट्ट धरला. मुलीने मोटारसायकल चालवावी की नाही यावर घरात वाद झाला नाही असे नाही. आजीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. अप्पांनी परवानगी दिली, पण पहिले तीन महिने किक मारू दिली नाही. आधी प्लग काढून त्यावरची काजळी पुसायला शिकवले, मग कार्ब्युरेटर उघडायला, मग पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळायला. "गाडी काय बोलते ते आधी ऐक," एवढेच ते म्हणत.

त्या ऐकण्याचा अर्थ मला चामुंडीच्या घाटात कळला. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबरच. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून, गाडी गिअरमध्ये ठेवून घरंगळत आलो की इंजिन फिरत राहते आणि त्याला तेल मात्र पोचत नाही. म्हणून अप्पा उतारावर मधूनच हलकेच थ्रॉटल उघडत. चढावर कष्ट इंजिनाला आणि उतारावर काळजी चालवणाऱ्याला! पहाटे साडेपाचला त्या रस्त्यावर फारशी वर्दळ नसते. वळणावळणाने खाली शहर दिसू लागते, राजवाड्याचे घुमट धुक्यातून वर येतात, गारवा बाह्यांतून आत शिरतो. मोटारीच्या काचेतून हे सारे चित्रासारखे दिसते. मोटारसायकलवर आपण त्या चित्रात असतो. ओल्या मातीचा, निलगिरीच्या पाल्याचा, कुठल्याशा चुलीवरच्या धुराचा वास क्रमाक्रमाने येतो. गुंडलुपेठवरून बंदीपूरकडे गेलात तर अरण्य सुरू होताच अंगावरची हवाच बदलते. रात्री नऊ ते सकाळी सहा तिथली वाहतूक बंद असते, आणि ते योग्यच आहे. हत्तीला हॉर्न दिल्याने वाट मिळत नाही.

1996 साली कारखाना बंद झाला. कमी पेट्रोल पिणाऱ्या, ऑइल मिसळण्याची कटकट नसलेल्या चार-स्ट्रोक गाड्या तोवर घरोघर पोचल्या होत्या. जावाचे नाव 2018 मध्ये आणि येझ्दीचे 2022 मध्ये नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले, त्याचे मला कौतुक आहे. तरी खरे सांगायचे तर नव्या गाडीवर माझा जीव जडला नाही. तिला काही दुखत असेल तर ती सांगत नाही.

इथवर जे सांगितले तेच मी वर्गातही सांगत असे. गद्याचा पाठ असो वा प्रवासवर्णनाचा, गाडी कुठून तरी येईच. मुलांचे डोळे चमकत आणि शिक्षकाला तेवढे पुरे असते.

नऊ वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गातला एक मुलगा गेला. त्याचे नाव मी घेणार नाही. त्याच्या वर्गातले काही जण आज समोर बसले आहेत. निकाल चांगला लागला म्हणून घरच्यांनी त्याला मोटारसायकल दिली होती. पंधरा वर्षांचा मुलगा, डोक्यावर काही नाही, संध्याकाळची वेळ. मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याच्या आई मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या गाडीच्या गोष्टी तो रोज सांगायचा." त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा हेतू नव्हता. पण मला ते वाक्य पेलले नाही. घरी येऊन मी गाडीवर चादर घातली ती जवळजवळ वर्षभर काढली नाही.

त्या वर्षात मी स्वतःला एक प्रश्न विचारीत होते. मुलांना मी आनंद सांगितला. त्याआधीचे तीन महिने सांगितले होते का? नव्हते सांगितले. ते सांगायला कंटाळवाणे वाटत होते.

म्हणून आज पालकांसमोर ते कंटाळवाणे सांगते. अठरा वर्षांखालील मुलाला गिअरची मोटारसायकल रस्त्यावर चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्याच वाहनाला. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा वाहनमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याचे भय दाखवण्यासाठी मी हे सांगत नाही; त्या घरातल्यांना कोणत्या कायद्याने आणखी काय शिक्षा द्यायची उरली होती?

हेल्मेटविषयी थोडे अधिक बोलते. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स 1935 साली मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ते हा मृत्यू विसरले नाहीत. सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला, 1941 मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि त्यातून हेल्मेट हा नियम झाला. वाचवता न आलेल्या एका माणसापासून ते काम सुरू झाले, हे वाचले तेव्हा मला चादर काढावीशी वाटली.

हेल्मेटच्या कठीण कवचाखाली थर्माकोलसारखा थर असतो. आपटल्यावर तो दबतो आणि धक्का स्वतःवर घेतो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही चांगले दिसो, टाकून द्यावे. घेताना आयएसआय खूण आणि त्यासोबत आयएस 4151 हा आकडा पाहावा. हनुवटीखालचा पट्टा न लावता घातलेले हेल्मेट म्हणजे टोपी. हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड जाकीट यांची मुले चेष्टा करतात. पडताना माणूस आधी हातच टेकतो, हे पडल्याशिवाय त्यांना पटत नाही. मी शाळेत येताना सलवार-कमीज, बूट आणि जाकीट घालून येते आणि साडी पिशवीत असते, हे शिपाईमामांनी आजवर गुप्त ठेवले होते.

गाडीवरची चादर काढली तेव्हा इंजिन जाम झाले होते. आमच्या भागात कारखान्यातले एक निवृत्त फिटर राहतात. त्यांनी ते आठ दिवसांत सोडवले आणि कानडीत मला चार शब्द सुनावले. त्यांनाच मी शाळेत बोलावले. गेली आठ वर्षे दर शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीची मुले-मुली त्यांच्याभोवती बसतात. फिटरकाका कानडीत शिकवतात, मुले वहीत मराठीत उतरवून घेतात. प्लग, पॉइंट, चेन, ब्रेकचे शू, टायरची हवा. गाडी उघडायची, जुळवायची, जागेवरच सुरू करायची, चालवायची नाही. पहिल्या वर्षी त्या मुलाच्या आई एका शनिवारी आल्या, मागच्या बाकावर तासभर बसल्या आणि काही न बोलता गेल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी मुलाचे हातमोजे पाठवून दिले. नवे होते, किमतीची चिठ्ठीही निघाली नव्हती. वर्गात जो मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा इंजिन जुळवून सुरू करते, त्या दिवशी ते मोजे तिच्या हातात असतात.

आता भोजनाची वेळ झाली आहे. गाडी बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे, आणि तिच्या शेजारी आपल्यापैकी काहींनी आणलेल्या सात जावा-येझ्दी मी मोजल्या आहेत. ज्यांना किक मारून पाहायची असेल त्यांनी आधी पेट्रोलचा कॉक उघडावा. दर मेळाव्याला कोणी तरी तो विसरतो, आणि मग गाडीलाच नावे ठेवतो.