उघडे डोंगर आणि दुष्काळनिधि
(समितीच्या वार्षिक सभेंत झालेलें भाषण)



चारा, धान्य व पाणी यांवर आपला पैसा कसा खर्च झाला, तें अहवालांत नमूद आहे. मला बोलावयाचें आहे तें आपल्या गांवांच्या माथ्यावरील उघड्या डोंगरांविषयीं.

१९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत ऐन उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें सरकारी कामांवर होतीं. खडी फुटली, रस्ते झाले, पाझर तलाव झाले. लोक जगले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जेथें डोंगर उघडाच राहिला, तेथील माती पावसाबरोबर खालीं येऊन तलावांत गाळ होऊन बसली. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत तालीबंधारे घालून पाणी मुरविण्याचा उपाय सांगितला, आणि जंगलखात्यानें गरिबांचीं गायरानें घेतल्याबद्दल दोषही दिला. हे दोन मुद्दे एकत्र वाचावयाचे असतात. आपण बहुधा पहिलाच वाचतों.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें पर्जन्यछायेंतील गांव. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गांवानें कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली, श्रमदान केलें, आणि वनखात्याच्या साह्यानें डोंगरउतारांवर समतल चर खणून झाडें लाविलीं. मला विशेष वाटतें तें याच्या पुढचें. तेथें पाऊस मोजतात, विहिरींचें पाणी मोजतात, आणि तो हिशेब ग्रामसभेंत मांडून मग पिकें ठरवितात. पाऊस कमी, तर अधिक पाणी मागणारें पीक नाहीं. व्यापारी मंडळींना जमाखर्चाची ही रीत निराळी समजावून सांगावयास नको.

आमच्याकडे काय होतें? रोप लावितांना छायाचित्र निघतें. तिसऱ्या उन्हाळ्यांत तें जिवंत आहे कीं नाहीं, हें पाहावयास कोणी जात नाहीं. कोरड्या डोंगरावर खरा निकाल पहिल्या दोन-तीन वैशाखांतच लागतो. फिर्याद दाखल झाली म्हणजे हुकूमनामा हातीं आला, असें माझ्या धंद्यांत कोणी मानीत नाहीं. शिवाय सर्वत्र नवीं रोपें लावावयास हवींत असेंही नव्हे. कुऱ्हाड थांबली कीं पळस, धावडा, खैर यांचीं तोडलेलीं खोडें आपोआप फुटूं लागतात. त्यांना रखवाली हवी.

म्हणून यंदाच्या निधीचा एक भाग डोंगरासाठीं तीन वर्षें वेगळा ठेवावा. दरसाल ज्येष्ठांत, मृगाच्या आधीं, गांवकरी, वनरक्षक व आपला एक सभासद यांनीं मिळून डोंगर चढावा, जिवंत झाडें मोजावीं, मेलेलींही मोजावीं, व आंकडे चावडीवर लावावे. मोजणी झाली कीं पुढचा हप्ता द्यावा. मात्र झाडें अधिक मेलीं म्हणून हप्ता तोडूं नये. तसें केल्यास पुढील साली कोणीही खरा आंकडा लिहिणार नाहीं.

एक अडचण मीं लपवीत नाहीं. डोंगर बंद झाला कीं पहिला मार बसतो तो भूमिहीन शेळीवाल्यावर. जमीनदारांच्या घरीं कडब्याची गंज असते. त्याच्या घरीं डोंगर हीच गंज. तेव्हां एकदम सारा डोंगर बंद न करतां तिसरा हिस्सा बंद करावा, त्यांतील गवत विळ्यानें कापून नेण्याचा पहिला हक्क त्यास द्यावा, व पहिलें वर्ष आपल्या चाऱ्यांतून त्याची तूट भरावी. हें न केल्यास तो रात्रीं कळप घालील, आणि मला त्याचें वकीलपत्र घ्यावेंसें वाटेल.

हे डोंगर बहुतेक सरकारी वन आहेत. १ जून १९९० च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकानें गांवांना वनरक्षणांत सहभागाची वाट मोकळी केली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस सामूहिक वनाच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा हक्क मिळूं शकतो. ज्या गांवांना तो मागावयाचा असेल, त्यांचीं कागदपत्रें मी विनामूल्य करून देईन. रखवालीचा व चाऱ्याचा पैसा आपण द्यावयाचा आहे. वर्गणीची वही खजिनदारांजवळ आहे.