जुने यंत्र आणि सकाळची हजेरी



या व्यासपीठावर साहित्याचे, इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे अधिकारी लोक बोलून गेले आहेत. त्यांच्या पाठोपाठ युनियनचे काम करणाऱ्या माणसाने उभे राहावे, आणि तेही जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ का लावतो हे सांगण्यासाठी, याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे शिकलो ते गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या ओसरीवर आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. कॉम्प्युटरही तसाच शिकलो, गरज पडली म्हणून.

गरज काय होती ते सांगतो. आमच्या कचेरीत दहा-बारा वर्षांचा एक कॉम्प्युटर आहे. त्यात सभासदांच्या हजेरीच्या नोंदी आहेत, पगारचिठ्ठ्यांच्या प्रती आहेत, भविष्यनिर्वाह निधीच्या तक्रारी आहेत. कंत्राटदार बदलला की नवा कंत्राटदार म्हणतो, ‘हा माणूस कालपरवा लागला.’ तो कालपरवा लागलेला नाही, नऊ वर्षे त्याच खात्यात राबतो आहे, हे त्या नोंदींवरून दाखवावे लागते. यंत्र मंदावले, तेव्हा त्याची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, पुसून नव्याने बसवली. आणि गंमत अशी की नवी प्रणाली बसवल्यावर यंत्र पूर्वीपेक्षाही उशिरा जागे होऊ लागले! दुरुस्तीवाल्याने मागचापुढचा विचार न करता निकाल दिला: भंगारात काढा, नवे घ्या. नवे घ्यायचे तर पैसा सभासदांच्या वर्गणीतला. त्या वर्गणीतल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मला द्यावा लागतो.

आता आमच्या धंद्यात एक नियम आहे. आरोपपत्र दिल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय कुणाला कामावरून काढता येत नाही. हा नियम यंत्रालाही लावावा असे माझे म्हणणे आहे. ‘जुने झाले’ हा आरोप नव्हे. कुठे, किती आणि कशामुळे वेळ जातो, ते आधी पुराव्याने ठरले पाहिजे.

पहिला साक्षीदार म्हणजे हातातले घड्याळ. (कारखान्यात घड्याळ घेऊन मागे उभा राहणारा साहेब आम्हाला कधी आवडला नाही, पण इथे तेच घड्याळ आपल्या बाजूचे आहे.) बटण दाबल्यापासून कंपनीचे चिन्ह जाईपर्यंतचा वेळ वेगळा लिहा, तिथून नाव आणि सांकेतिक शब्द विचारणारा पडदा येईपर्यंतचा वेगळा, आणि त्यानंतर पहिले पत्र टंकायला घेता येईपर्यंतचा वेगळा. या तीन पाळ्या आहेत आणि प्रत्येक पाळीचा मुकादम निराळा आहे. विंडोज आठपासून पुढच्या प्रणालीत आणखी एक मेख आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पुरते बंद होतच नाही. प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती उचलली जाते. म्हणून खरा वेळ मोजायचा तर ‘रीस्टार्ट’ करून मोजावा.

पहिल्या पाळीत उशीर होत असेल तर कार्यप्रणालीचा त्यात काही दोष नाही, कारण ती अजून मंचावर आलेलीच नसते. तेव्हा मुख्य पाटी आपली उपकरणे मोजत असते. एखादी डिस्क उत्तर देत नसेल, सुरुवात कुठून करायची त्या क्रमात नेटवर्कचे नाव वर लागले असेल, जुना कार्ड-रीडर किंवा पेन ड्राइव्ह अडकवलेला असेल, तर ती तिथे खोळंबते. हे तपासायला पाच मिनिटे पुरतात.

दुसरी पाळी खरी मजेची, आणि आमच्या यंत्राची अडचण नेमकी तिथेच होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहाचा नेहमीचा आधार संपला. विंडोज अकरा हवी तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात दोन्ही नाहीत. म्हणून आम्ही लिनक्स बसवली. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावर चालते. पण सुरू होताना पडदा जवळपास दीड मिनिट तसाच थांबे. दररोज, न चुकता, दीड मिनिट! ज्याला यंत्राशी वागायची सवय आहे त्याने या नियमितपणाने सावध व्हावे. थकलेले यंत्र आज एक, उद्या तीन मिनिटे घेते. रोज नेमकी ९० सेकंदे घेणारे यंत्र थकलेले नसून कुणाची तरी वाट पाहत असते.

कुणाची? ते समजण्यासाठी हजेरीपट डोळ्यांपुढे आणा. लिनक्समध्ये ‘एफएसटॅब’ नावाची एक यादी असते. सुरू होताना डिस्कचे कोणते भाग कामावर घ्यायचे ते तीत लिहिलेले असते, आणि प्रत्येक भाग त्याच्या बिल्ल्याच्या नंबराने ओळखला जातो. या लांबलचक नंबराला ‘यूयूआयडी’ म्हणतात. डिस्कचा भाग पुसून नव्याने आखला की त्याला नवा बिल्ला मिळतो, जुना रद्द होतो. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने नवी प्रणाली बसवल्यावर जुन्या यादीतल्या दोन ओळी उचलून नव्या यादीत ठेवल्या होत्या. एक ओळ नोंदींच्या दुसऱ्या डिस्कची. ती डिस्क पुसलेली नव्हती, तिचा बिल्ला कायम होता, ती ओळ बरोबर चालली. दुसरी ओळ ‘स्वॅप’ची, म्हणजे रॅम अपुरी पडली की सामान ठेवायच्या जागेची. तो भाग नव्याने आखला गेला होता. झाले! मुकादम रोज सकाळी रद्द झालेल्या बिल्ल्याची हाक देई, ९० सेकंदे वाट पाही, आणि मग ‘गैरहजर’ लिहून पुढे जाई. ९० सेकंदे ही त्या प्रणालीची मुळात ठरवलेली मुदतच आहे.

चौकशीतला आणखी एक धडा इथे सांगण्यासारखा आहे. ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ अशी एक आज्ञा आहे. कुणी किती वेळ घेतला त्याची उतरती यादी ती देते. नावातच ‘ब्लेम’, म्हणजे दोष! आम्ही यादी पाहिली तर सर्वांत वरच्याने आठ-दहा सेकंदे घेतलेली. मग बाकीचा वेळ गेला कुठे? ही यादी कामावर आलेल्यांची आहे. जो आलाच नाही त्याच्या नावावर त्यात वेळ पडत नाही. शिवाय अनेक कामे एकाच वेळी चालतात, आणि एखाद्याच्या नावावर दिसणारा वेळ त्याने दुसऱ्याची वाट पाहण्यात घालवलेला असू शकतो. मागच्या खात्यातून माल आला नाही म्हणून यंत्राशी उभ्या राहिलेल्या कामगाराला आळशी म्हणायची चाल कारखान्यांतही आहेच. खरा पुरावा सापडला रोजनाम्यात. ‘जर्नलसीटीएल’ला ‘-बी’ जोडून विचारले की त्या सुरुवातीचा सगळा जबाब समोर येतो. त्यात स्वच्छ लिहिले होते की अमुक नंबराच्या उपकरणाची वाट पाहण्याची मुदत संपली. ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने स्वॅपचा आजचा नंबर काढला, यादीत जुना खोडून तो लिहिला. डेबियन, उबंटू, मिंट या घराण्यात आणखी एका जागी, ‘रिझ्यूम’ नावाच्या छोट्या फाइलीत, तोच नंबर लिहिलेला असू शकतो; तोही बदलून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ करावे लागते. यादीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी, कारण तिथे भलतीच चूक झाली तर यंत्र सुरू होण्यातच अडते. दुरुस्तीला दमडी लागली नाही. दीड मिनिट गेले ते गेले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी विंडोज असेल, आणि तिथे तिसरी पाळी त्रास देते: पडदा येतो, पण काही उघडत नाही. नव्या प्रणालीचे पहिले काही दिवस याला अपवाद समजावेत. त्या दिवसांत ती अद्ययावत होत असते, विषाणूंचा शोध घेत असते, फाइलींची शोधसूची करत असते. एकदोन रात्री यंत्र चालू ठेवा आणि मग बोला. त्यानंतरही तसेच राहिले तर ‘टास्क मॅनेजर’ उघडून सकाळी कोण कोण न बोलावता हजर होते ते पाहा, आणि नको असलेल्यांना बंद करा. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे चिपसेटचे ड्रायव्हर बसवायचे राहिले आहेत का, तेही पाहा.

तिथेच डिस्कच्या नावापुढे शंभर टक्के दिसत असेल तर मात्र गोष्ट निराळी. फिरत्या डिस्कचे गणित सोपे आहे. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ सहस्रांश सेकंद. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, वर सुई सरकायचा वेळ. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच मजल जाते, आणि सुरू होताना प्रणालीला असे तुकडे हजारोंनी लागतात. फिरणारा भाग नसलेली एसएसडी डिस्क बसवली की हा खोळंबा संपतो; साटा जोडणी असलेल्या जुन्या यंत्रातही ती बसते. नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च थोडा आहे आणि सभासदांपुढे मी तो उघडपणे मांडू शकतो. रॅम दोनच जीबी असेल तर आधी ती वाढवावी.

पण डिस्क खरोखरच आजारी असेल तर वेगाची चर्चा तिथेच थांबवावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात; ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या फुकट साधनाने ती वाचता येते. खराब म्हणून बदललेल्या किंवा वाचता न आल्याने खोळंबलेल्या जागांचा आकडा वाढत चालला असेल तर त्याच दिवशी नोंदींच्या दोन प्रती करा, एक कचेरीबाहेर ठेवा, आणि मगच दुरुस्तीचा विचार करा. नऊ वर्षांची हजेरी त्या थाळीवर आहे. ती पुन्हा कुणी लिहून देणार नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. सकाळी यंत्राचे घड्याळ मागची तारीख दाखवत असेल तर मुख्य पाटीवरची बटणासारखी बॅटरी, सीआर २०३२, संपली आहे. ती स्वस्त असते. मात्र काढण्यापूर्वी, यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये साटाच्या पुढे ‘एएचसीआय’ लिहिले आहे की ‘आयडीई’, ते कागदावर टिपून घ्या. बॅटरी गेली की ती सेटिंगे मूळपदावर जातात, आणि हा एक शब्द बदलला तर चांगली चालणारी विंडोज उठायलाच नकार देऊ शकते.