माळ गळ्यात, डबी कनवटीला
(दिंडीच्या मुक्कामी, कीर्तनाआधी केलेले भाषण)



विणेकरी बुवांनी पाचच मिनिटं दिलीत, म्हणून सरळ बोलतो. वारीत पाय सगळे दाखवतात, तोंड कुणी दाखवत नाही. माळ घातली की मांस-मद्य सुटतं. मशेरीची डबी मात्र कनवटीलाच राहते. आयाबाया म्हणतात, "दात घासायलाच लावते हो." अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दाढेचा ठणका तेवढा दबतो, कीड आत चालूच असते.

गालात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर आज रात्रीच औषधाच्या तंबूत या. सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच फसवतं.

साखरेच्या आजारवाल्यांनो, हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात येत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या सुजतात. वाटेतला चहा मोडवत नाही, मलाही नाही. पण नंतर चूळ भरा, निजताना ब्रश करा. पडशीत तो सहज मावतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. गेल्या साली लोणंदला एका आजींची उशाखाली मोडली, पुढं पंढरपूरपर्यंत पिठलंच!

रांग कीर्तनानंतर लावा. बॅटरी मी आणलीय.